पेटीला ताप

‘कोण कोणासाठी थांबलंय?’ एवढं एकच विचारून विजूने आमच्या आळीतली निम्मी माणसं दुखावून ठेवली होती. नळावर रांग खोळंबली की विजू विचारणार. देवळात आरती सुरू होईना की विजू विचारणार. आणि विचारून गप्प बसणारी नव्हे ती. पुढे घुसून, नेमकं कुठे अडलंय ते शोधून काढणार आणि सगळ्यांदेखत मोठ्याने सांगणार. काम अडलं तर लोक चालवून घेतात. पण ते आपल्यामुळे अडलंय, हे चारचौघांत ऐकलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

मी पेट्या ठोकणारा माणूस. आंब्याच्या पेट्या. चौथीपर्यंत शिकलो, मग हातात हातोडी आली ती आता आता सुटली. आनंदीला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन खूप वर्षं झाली. इतक्या वर्षांत सवय होते असं लोक सांगतात. मला नाही झाली. तिचा धाकटा भाऊ बबन गेल्या पावसाळ्यात गेला. तो होता तोवर विजूबद्दल लिहिणं शक्य नव्हतं. आता तो नाही, तर लिहितो.

विजूचं आणि आमचं घर यांच्यामध्ये चिऱ्याचा गडगा होता, कमरेएवढा. विजू कधी फाटकातून आली नाही. साडी असो, परकर असो, गडग्यावर हात टेकून उडी मारायची. तिची आई, आम्ही तिला काकी म्हणायचो, आतून ओरडायची, ‘‘पाय मोडून घे एकदा, म्हणजे बरं!’’ वडील लवकर गेले. बंदरावर कोळंबी गोठवून जपानला पाठवणारी एक कंपनी होती, तिथे विजू टाईप करायला जायची. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. दिसायला काटकुळी, केस कायम पेन्सिलीने खोवलेले. ती पेन्सिल माझीच असायची, सुताराची, चपटी, लाल. मागितली की म्हणायची, ‘‘दादा, तुमच्या कानापेक्षा माझ्या डोक्यात ती जास्त कामाला येते.’’

एकदा कंपनीचा माल जपानवाल्याने नाकारला. साहेबाने विजूला माफीचं पत्र टाईप करायला दिलं. ही बया टाईप करता करता थांबली आणि म्हणाली, ‘‘पण साहेब, अडलं कुठे?’’ साहेब म्हणाला, ‘‘तू टाईप कर.’’ तिने टाईप केलं. मग बर्फवाल्याकडे गेली, गाडीवाल्याकडे गेली, रोज एकेकाला विचारत सुटली. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी. सगळ्यांचं आपापलं काम चोख आणि माल मात्र नासलेला. हे तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

मुंबईच्या विद्यापीठात असलं शिकवतात असं तिला कुठून तरी कळलं. मोठं काम कसं आखायचं, कुठलं आधी, कुठलं नंतर, आणि माल एका मुलखातून दुसऱ्या मुलखात कसा न्यायचा. माझ्या पुतण्याची मुलगी आता पुण्याला हेच शिकते, ती त्याला सप्लाय चेन म्हणते. विजू ‘मालाची साखळी’ म्हणायची. काकीने आकांत मांडला. ‘‘लग्नाचं वय निघून चाललं नि ही साखळ्या शिकणार!’’ तेव्हा आनंदी गडग्यापाशी गेली आणि म्हणाली, ‘‘जाऊ दे काकी. लग्न काय, ते कुठं पळून जातंय? आणि पळालंच, तर ही शोधून काढील कुठं अडलंय ते.’’ काकीला हसू आलं, आणि विजू मुंबईला गेली.

सुट्टीला आली की ती माझ्या पडवीत अर्धवट ठोकलेल्या पेटीवर बसायची आणि फळ्यांवर गोल काढायची. गोल, त्यातून बाण, पुढे दुसरा गोल. प्रत्येक गोल म्हणजे एक काम. नेहमी शेवटचा गोल पहिला काढायची. ‘‘आधी कुठे पोचायचंय ते लिहायचं दादा, मग तिथून मागे मागे यायचं.’’ मी म्हणायचो, फळी खराब करू नको. पण त्याच फळ्या ठोकून पेट्या जायच्या. एकदा मुंबईच्या दलालाने निरोप धाडला, ‘तुमच्याकडे पेटीच्या आत कुणाच्या कुंडल्या मांडतात?’

शिकलेला धडा ती आनंदीला सांगायची. मला नाही. आनंदी दुसरी की तिसरी शिकलेली, पण ऐकायची ती हात थांबवून. विजूचं म्हणणं, ‘‘वहिनीला कळलं की मी पास.’’ आनंदी काहीही विचारायची. ‘‘पण जपानच्या माणसाला कसं कळतं गो, आपल्या बंदरावर बर्फ कमी पडला?’’ आणि विजू म्हणायची, ‘‘बघा! आमच्या सरांनी हाच प्रश्न विचारलेला.’’ वर्गातली मोठ्या घरची पोरं विजूला ‘कोळंबी’ म्हणत, तिच्या इंग्रजीची नक्कल करत. हे ती हसत हसत सांगायची. आनंदीला हसू यायचं नाही. ती आत जाऊन डोळे पुसून यायची.

आणखी एक सांगायला हवं, पुढे लागणार आहे. आनंदीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तिचं माहेर पूर्णगडाजवळ, चहूकडे मासळी, पण त्यांचं घर माळकरी. बबनच्याही गळ्यात माळ. मी मासे खाणारा. लग्नापासून माझी वेगळी चूल परसात, वेगळं भांडं, आणि खाऊन आलो की आंघोळ केल्याशिवाय घरात पाय नाही. आनंदीने मला कधी खाऊ नको म्हटलं नाही, आणि मी कधी ते भांडं उंबऱ्याच्या आत आणलं नाही. आमचा संसार असाच चालला, आणि चांगला चालला.

विजूच्या चुलतबहिणीच्या लग्नातली गंमत सांगतो. अक्षता केव्हाच पडल्या, माणसं मांडवात घामाघूम, पंगत काही बसेना. नवऱ्याकडचे चिडले. आचारी म्हणे जेवण तयार आहे. वाढपी म्हणे आम्ही तयार आहोत. विजू परीक्षेहून सरळ मांडवात आलेली, पदर खोचून उभी राहिली. ‘‘कोण कोणासाठी थांबलंय?’’ वाढपी म्हणाले, पानांसाठी. पानं कोणी आणली? अमक्याने. कुठे ठेवली? माजघरात. माजघरात नवरदेवाचा मामा झोपलेला. केळीच्या पानांचा ओला थंडगार भारा त्याने उशाला घेतलेला. विजूने त्याला हलवलं आणि मांडवात ऐकू जाईल अशी ओरडली, ‘‘सापडलं! मामांच्या डोक्याखाली अडलंय!’’ सगळा मांडव हसला. मामा जेवला नाही. त्या घराने पुढे विजूच्या घरी पाऊल टाकलं नाही. काकीने तिला फैलावर घेतलं. ‘‘गुपचूप पानं काढून आणली असतीस तर काय बिघडलं असतं?’’ विजूला ते खरंच कळत नव्हतं. ‘‘आई, कुठे अडलं ते सांगितलं नाही तर परत तिथेच अडेल ना?’’

दुसरी गोष्ट पेटीच्या तापाची. आंब्याचे दिवस होते. विजू कंपनीतला लांब थर्मामीटर मागून घेऊन आली. तिच्या कुठल्या सरांना जाणून घ्यायचं होतं की आखातात जाणारा आंबा वाटेत मऊ का पडतो. मी पेटीत पेंढा घालून आंबे भरून ठेवले होते. हिने पेंढ्यात थर्मामीटर खुपसला आणि आनंदीशी गप्पा मारत बसली. मग काढून बघितला आणि ओरडली, ‘‘वहिनी, पळा! दादांच्या पेटीला ताप आलाय!’’

आनंदी खरंच हात पुसत बाहेर आली. विजूने तिचा हात धरून पेंढ्यात घातला. आत ऊब, पोराच्या कपाळासारखी.

‘‘अगो हो की! हे तर तापलंय.’’

‘‘पेंढा ऊब धरून ठेवतो. आंबा पिकायला चांगलंच ते. पण दुसरं काही यात ठेवलंत तर ते शिजेल.’’

त्यानंतर कितीतरी दिवस आनंदी जाता येता माझ्या पेट्यांवर हात ठेवायची आणि म्हणायची, ‘‘हिला कमी हाय. हिला जास्ती हाय. अहो, हिला डॉक्टरांकडं न्या.’’ हसायची. मला ते हसू अजून ऐकू येतं. लिहून काय उपयोग. पण येतं.

मग आनंदीच आजारी पडली. रक्त तयार होणं बंद झालं होतं, असं मला सांगितलं. आजाराचं नाव मला तेव्हाही धड उच्चारता आलं नाही. अंगावर काळेनिळे डाग यायचे, नुसत्या बांगडीने सुद्धा. मुंबईला दाखवून आणलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं, परदेशात होणारं. ते मिळवा, म्हणाले, तुमच्या गावचे डॉक्टर देतील, आम्ही त्यांना सगळं लिहून देतो. आता हिला पुन्हा एवढ्या लांबच्या रस्त्याने आणू नका. इथले डॉक्टर भले. त्यांनी आपल्या दवाखान्यात आनंदीला खाट दिली आणि मला सांगितलं, ‘‘औषध बर्फात राहिलं पाहिजे. थंडपणा गेला की औषध गेलं.’’

मी काय करणार? मला फळी कापता येते. मी विजूला निरोप धाडला. ती दुसऱ्याच दिवशी एसटीने आली, पिशवी खांद्यावर तशीच, आणि माझ्याकडून फळी मागून घेतली. पहिला गोल काढला. शेवटचा. त्यात लिहिलं, ‘वहिनी’. आजवर त्या शेवटच्या गोलात तिने ‘जपान’ लिहिलेलं मी बघितलं होतं, ‘दुबई’ बघितलं होतं. माणसाचं नाव पहिल्यांदा बघितलं. ती फळी तिने आनंदीला खाटेवर नेऊन दाखवली.

‘‘एवढा मोठा गोल? मी काय भोपळा हाय गो?’’

‘‘सगळ्यात महत्त्वाचं काम मोठं काढायचं असतं वहिनी.’’

मग मागे मागे गेली. गणपतीपुळ्याला यात्रेकरूंना खोल्या देणारा एक माणूस होता, त्याची बहीण लंडनला नर्स. विजू त्याच्याकडे जाऊन बसली, त्याच्याकडून बहिणीला ट्रंक कॉल करवला. नर्सने औषध मिळवायचं. विमानाने येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर ते द्यायचं. विमानतळावर विजू घेणार. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी फ्रीज होता, तिथे ते राहणार. तिथून बर्फाच्या खोक्यात रत्नागिरीला, आमच्याकडे. कंपनीचं थर्माकोलचं खोकं तिने आधीच नेऊन ठेवलं. वाटेत बर्फ कुठे बदलायचा, महाडला कोण, चिपळूणला कोण, सगळं ठरवलं. आनंदीला ती साखळी पाठ झाली होती. कोणी बघायला आलं की खाटेवरून सांगायची, ‘‘आता माझं औषध लंडनला हाय. मग विमानात बसणार. मी अजून एसटीत पण धड बसले नाय, नि माझं औषध विमानात!’’

घोळ एकच झाला. औषध मुंबईत पोचलं आणि दुसऱ्या दिवशी विजूची शेवटची तोंडी परीक्षा. ती म्हणाली, ‘‘परीक्षा गेली खड्ड्यात, मी घेऊन येते.’’ डॉक्टरांच्या फोनवर आनंदी तिच्याशी बोलली. दोघांनी धरून तिला फोनपर्यंत नेलं होतं. ‘‘परीक्षा देऊन ये. माझ्यापायी तू नापास झालीस तर मी ते औषध टोचून घ्यायची नाय. बबन यायचाच हाय, तो आणील.’’

बबन मुंबईला एका ऑफिसात शिपाई होता. बहिणीवर त्याचा जीव. विजूने खोकं त्याच्या हातात दिलं, सगळं दोनदा सांगितलं, त्याच्याकडून म्हणून घेतलं. त्याने पोपटासारखं म्हणून दाखवलं.

सकाळच्या गाडीने निघून बबन दिवेलागणीला दवाखान्यात पोचला. मे महिना. शर्ट ओलाचिंब, तोंड लालबुंद, पण हसत. आणि त्याच्या दोन्ही हातांत, छातीशी धरलेली, आंब्याची पेटी. माझ्या हातची. पंधरवड्यापूर्वी मीच त्याच्या घरी आंबे धाडले होते, तीच पेटी.

मी विचारलं, ‘‘पांढरं खोकं कुठाय?’’

‘‘भावोजी, ते खोकं काय सांगू तुम्हाला! कोळंबीचा वास! घरी आणलं तर बायको दारात घेईना. आमच्या आक्काच्या गळ्यात माळ. तिच्या रक्तात जायचं ते औषध, नि ते मासळीच्या पाण्यात बुडवून आणू? मी आंघोळ केली, सोवळ्याने बाटल्या काढल्या, धुतलेल्या पंच्याने कोरड्या केल्या. आणि ह्यात भरल्या. तुमच्याच पेटीत, नव्या पेंढ्यात. दिवसभर मांडीवरून खाली ठेवली नाय. कंडक्टर म्हणाला टपावर टाक, मी म्हटलं माझं मुंडकं टाक टपावर. बघा, एक बाटली फुटलेली नाय!’’

बबनने पेटी आनंदीच्या खाटेवर ठेवली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग पेटीकडे. हात उचलणंही तिला जड झालं होतं तेव्हा. तरी उचलला आणि पेंढ्यात घातला. ठेवला तसाच.

‘‘किती जपून आणलंस रे,’’ ती म्हणाली. ‘‘दमलास. जा, चहा घेऊन ये जा.’’

बबन बाहेर गेला. तो गेलाय याची खात्री करून ती मला म्हणाली, ‘‘अहो, पेटीला ताप हाय. डॉक्टरांना दाखवा. पण बबनला सांगू नका.’’

डॉक्टरांनी पेटी आत नेली. बाटल्या हातात घेऊन उजेडात धरल्या, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. आता हे टोचता येणार नाही, म्हणाले. टोचलं तर अपाय होईल. मी विचारलं, थोडं तरी? ते म्हणाले, थोडंही नाही. त्यांचाही चेहरा पडला होता. मी बाहेर आलो तर बबन चहाचा पेला घेऊन उभा. ‘‘भावोजी, लागलं ना कामाला?’’ मी म्हटलं, ‘‘हां.’’ रजा नव्हती त्याला, सकाळच्या गाडीने परत गेला. जाताना हलका होऊन गेला.

मी विजूच्या हॉस्टेलवर फोन लावला. तिचा आवाज आधी इतका आनंदाचा होता. ‘‘दादा! परीक्षा मस्त झाली. वहिनीची साखळीच मांडली मी त्यांच्यापुढे. त्यांनी विचारलं, यात कच्चं कुठे आहे? मी म्हटलं, लंडनचं विमान उशिरा आलं तर. खूश झाले. औषध पोचलं ना?’’

‘‘पोचलं.’’

‘‘बर्फ होता ना शिल्लक?’’

‘‘बर्फ नव्हता विजू. पेंढ्यात आणलं. आंब्याच्या पेटीत.’’

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं लाइन गेली.

‘‘का?’’

‘‘खोक्याला कोळंबीचा वास होता. आनंदीची माळ.’’

मग ती हळू बोलली, माझ्याशी नव्हे, स्वतःशी बोलावं तसं. ‘‘काय करायचं ते सगळं सांगितलं मी. का करायचं ते नाही सांगितलं.’’ मी म्हटलं, ‘‘तुझं काही चुकलं नाही.’’ तिने ते ऐकलंच नाही. ‘‘दादा, मी परत पहिल्यापासून सुरू करते. वहिनीला सांगा.’’

मी सांगितलं. आनंदी म्हणाली, ‘‘करील ती.’’ रोज विचारायची, ‘‘आता कुठवर आलं असेल?’’ मला साखळी पाठ नव्हती. मी अंदाजाने सांगायचो, लंडन. मग पुन्हा लंडन. ती म्हणायची, ‘‘अजून लंडनच?’’ मग विचारायचीही थांबली. बसून राहण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. डॉक्टर येत, जात. मी खाटेच्या पायाशी बसलेला. एके दिवशी दुपारी ती गेली.

विजूला तार केली, पण तार पोचली तेव्हा ती विमानतळावर होती, आणि तिथून मैत्रिणीच्या घरी. हॉस्टेलवर ती परत गेलीच नाही. आनंदीचं दहावं व्हायचं होतं. ओटीवर बबन, मी, आळीतली चार माणसं बसलो होतो. विजू आली. त्या दिवशी ती गडग्यावरून आली नाही, फाटकातून आली, कारण तिच्या दोन्ही हातांत पांढरं खोकं होतं. दवाखान्याच्या वाटेवर आधी आमच्याकडे आली होती, बहुतेक मी घरी असलो तर बरोबर न्यायला. आम्हाला बघून ती अंगणात थांबली. माझं भादरलेलं डोकं बघितलं, बबनचं बघितलं. मग पायरीवर बसली. खोकं मांडीवर. खोक्याच्या कडेतून पाणी गळत होतं, तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. काकी गडग्यापलीकडून म्हणाली, ‘‘विजू, खाली ठेव गो ते.’’ विजू म्हणाली, ‘‘फरशी तापलेली आहे.’’

मग बबन बोलला. तो रडून रडून घोगरा झाला होता.

‘‘विजूताई, पहिलं औषध लागू नाय पडलं बघ आक्काला. आम्ही एवढं केलं. माझ्या बाजूने मी कुठं कमी पडलो नाय. पडलो काय?’’

विजूने मान वर केली. तो चेहरा मी ओळखत होतो. मांडवात मामाला हलवून उठवताना होता तोच. सापडलं, असं सांगणारा. जिथे अडलं तिथे बोट ठेवल्याशिवाय तिला आयुष्यात कधी राहवलं नव्हतं. तिने तोंड उघडलं.

‘‘बबनभाऊ, ते औषध...’’

मी म्हटलं, ‘‘आनंदी म्हणाली होती, बबनने किती जपून आणलं. तिने पेटीत हात घालून बघितला. मग म्हणाली. तुला ते कळेल विजू.’’

विजू माझ्याकडे बघत राहिली. पेटीत हात घालून. तिनेच शिकवलेलं ते. खोक्यातून पाणी गळत होतं. मग बबनकडे वळली.

‘‘नाही भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही जपूनच आणलंत. एक बाटली फुटली नाही.’’

‘‘नाय ना फुटली?’’

‘‘एकही नाही.’’

बबनने डोळे पुसले. मग विजू उठली, परसात गेली, खोकं उघडलं आणि वरचा बर्फ फणसाच्या मुळाशी ओतला. मोठे मोठे खडे होते अजून. सगळं नीट थंड आलं होतं. बाटल्या तिने उरलेल्या बर्फात डॉक्टरांकडे पोचत्या केल्या, दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडल्या तर पडोत म्हणून. पडल्या की नाही ते मी विचारलं नाही.

परीक्षेत विजू पहिली का दुसरी आली. काकीने निकालाचा कागद मला गडग्यावरून दाखवला. विजू तो घ्यायला गेलीच नव्हती, टपालाने आला. त्या वर्षात ती आळीत असायची तेव्हाही नळावर रांग खोळंबायची, आरती खोळंबायची. विजू बाजूला उभी असायची. एकदा देवळात कोणीतरी मुद्दाम म्हणालं, ‘‘विजू, विचार ना, कोण कोणासाठी थांबलंय?’’ सगळे हसले. तीही हसली आणि चप्पल घालून घरी गेली.

पुढच्या मे महिन्यात तिला दुबईला नोकरी लागली. माल उतरवण्याच्या मोठ्या कंपनीत. बबन आंबे न्यायला आला होता, तोही त्याच गाडीने परत चाललेला. मी दोघांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. विजू खिडकीशी बसली. बबन धावत स्टँडबाहेर गेला आणि एक पेटी घेऊन आला. माझ्याकडूनच पहाटे मागून नेलेली, त्याने स्वतः भरलेली.

‘‘तुझ्यासाठी गो विजूताई. तिकडं तुला कोण देणार हापूस? नव्या पेंढ्यात भरलाय. माझ्या हातचं हाय, एक फुटायचा नाय.’’

त्याने पेटी खिडकीतून आत दिली. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. विजू म्हणाली, ‘‘नको, मांडीवर राहू दे.’’

गाडी सुटली. बबन मागच्या सीटवरून मला हात करत होता. विजूने हात केला नाही. एका हाताने तिने पेटी धरली होती, दुसऱ्या हाताची बोटं फळ्यांच्या फटीतून पेंढ्यात घातली होती. तापलेल्या पोराजवळ बसलेली बाई ठेवते, तसा तिने तो हात तिथेच ठेवला होता. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तोवर तसाच होता.